वाचक विचारतात : पाणबुडीच्या गस्तीची आज्ञा

गेल्या अंकात १९७१ च्या युद्धातील नौदलाच्या कामगिरीवर एक टिपण आले होते. त्यात ‘कुरसुरा’ या पाणबुडीचा उल्लेख मी एका वाक्यात उरकला होता. त्या एका वाक्यावर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची इतकी पत्रे आली, की या महिन्यात सदरात दुसरा विषय घेतलेलाच नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. ज्यांची पत्रे छापता आली नाहीत त्यांनी राग मानू नये.

रत्नागिरीच्या एक निवृत्त शिक्षिका लिहितात : १९७१ साली मी शाळेत होते. खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही अंधारात बसत असू आणि वडील धीर देत, की आपल्या पाणबुड्या समुद्रात आहेत, काळजी करू नका. आपण मात्र लिहिले आहे, की कुरसुरा युद्ध सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईला परतली. मग तिला आज्ञा तरी काय होती? युद्ध पेटले असताना तिला मागे का बोलावले?

आपल्या वडिलांचे म्हणणे खरे होते. पाणबुड्या समुद्रात होत्या आणि युद्धाला तोंड फुटण्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधीपासून होत्या. कुरसुरा १३ नोव्हेंबरला मुंबईहून निघाली आणि १८ तारखेला नेमून दिलेल्या पाण्यात पोहोचली. २५ पर्यंत तिथे गस्त घालून २६ ला ती दुसऱ्या क्षेत्रात सरकली. ३० तारखेला तिने भर समुद्रात ‘करंज’ या आपल्याच जातीच्या पाणबुडीची गाठ घेतली, गस्तीसंबंधीचे कागद व माहिती तिच्या हवाली केली आणि ४ डिसेंबरला ती मुंबईत परत आली. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या हवाई तळांवर हल्ले केले, तेव्हा ती घरच्या वाटेवर होती. तिला कोणी युद्धातून मागे ओढले नाही. तिची पाळी संपली होती आणि करंजची सुरू झाली होती. करंजचे त्या वेळचे कप्तान कमांडर विजयसिंह शेखावत यांना त्या गस्तीबद्दल वीरचक्र मिळाले आणि पुढे १९९३ मध्ये ते नौदलप्रमुख झाले.

आता आज्ञेविषयी. कुरसुरेला तीन कामे सांगितली होती : पाकिस्तानच्या युद्धनौका बुडवणे, स्वतंत्र हुकूम आला तरच व्यापारी जहाजे बुडवणे, आणि एरवी गस्त घालून टेहळणी करणे. त्यांच्या जोडीला दोन बंधने होती. आखून दिलेले जहाजांचे मार्ग तिने ओलांडायचे नव्हते आणि लक्ष्याची ओळख पक्की पटल्याखेरीज हल्ला करायचा नव्हता. हा मजकूर दोनदा वाचला तर लक्षात येते, की तीन कामांपैकी एक काम परवानगीच्या दोरीने बांधलेले आहे, एक नुसते पाहण्याचे आहे, आणि उरलेल्या एकावर दोन्ही बंधनांचा भार आहे. पाणबुडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुटलेला पाणतीर (टॉर्पेडो) येतो. तिला दिलेल्या कागदात मात्र ‘करा’पेक्षा ‘करू नका’ हेच शब्द जड असतात. गस्तीच्या ज्या ज्या आज्ञांविषयी मी वाचले आहे, त्यांत थोड्याफार फरकाने हेच दिसले.

याचे कारण पाणबुडीच्या राहणीत आहे. जमिनीवरच्या पलटणीच्या अधिकाऱ्याला शंका आली तर तो फोन करतो किंवा माणूस धाडतो. पाण्यावरच्या जहाजालाही बिनतारी संदेशाने विचारता येते. पाण्याखालच्या कप्तानाला मात्र हुकूम ऐकता येतो तो ठरल्या वेळी, आणि उलट विचारायचे म्हटले तर स्वतःचा ठावठिकाणा उघडा करण्याची जोखीम पत्करावी लागते. म्हणून आज्ञा लिहिणाऱ्याला पुढच्या तीन आठवड्यांत काय काय घडू शकेल, कोणाचे जहाज कोणत्या अंधारात कोणासमोर येईल, हे किनाऱ्यावरच्या टेबलाशी बसून आधीच कल्पावे लागते. ज्या माणसाला पुन्हा विचारता येणार नाही, त्याच्यासाठी लिहिलेला हा कागद असतो.

त्यात ते पाणी कसले होते तेही पाहा. कराचीकडे आणि इराणच्या आखाताकडे जाणारी-येणारी साऱ्या जगाची मालवाहू आणि तेलवाहू जहाजे उत्तर अरबी समुद्रातूनच जातात. पेरिस्कोप काही क्षणच वर काढायचा असतो आणि रात्री त्यातून एखाद्या जहाजाची काळी आकृती व एखाद-दुसरा दिवा यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, ऐकणाऱ्याला जहाजाच्या पंख्याच्या आवाजावरून जहाज जड आहे की हलके, सावकाश चालले आहे की वेगात, एवढे कळते. त्याच्या डोलकाठीवर कोणाचे निशाण आहे ते कळत नाही. ‘ओळख पक्की पटल्याखेरीज नको’ हे चार शब्द कागदावर सोपे दिसतात. कप्तानाला ते पाळण्यासाठी लक्ष्याच्या आणखी जवळ जावे लागते आणि जवळ जाणे म्हणजे स्वतः सापडण्याची शक्यता वाढवणे.

कुरसुरा २००१ मध्ये सेवेतून निवृत्त झाली आणि आता विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर वाळूत उभी आहे. मी ती आतून पाहिली आहे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दारातून आधी पाय, मग कंबर आणि मग डोके असे स्वतःला हप्त्याहप्त्याने आत घालावे लागते. पाणतिरांच्या शेजारीच निजायच्या फळ्या आहेत. २२ पाणतीर आणि सुमारे ७५ माणसे एवढ्यात राहत होती. मागून येणाऱ्या सहलीच्या मुलांनी मला फार वेळ थांबू दिले नाही, पण बिनतारी यंत्रांच्या कोनाड्यासमोर मी हट्टाने उभा राहिलो. तो कोनाडा आपल्याकडच्या देवघराएवढा आहे आणि त्या वेळी वरची सगळी आज्ञा तेवढ्याच जागेतून आत येत होती.

वेंगुर्ल्याहून एक वाचक विचारतात : आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवणाऱ्या ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने त्याआधी मुंबईजवळ आपला अख्खा ताफा पाहिला होता आणि तरीही हल्ला केला नाही, असे ऐकतो. हे खरे का? आणि खरे असेल तर शत्रूने अशी संधी का सोडावी?

हंगोरचे कप्तान अहमद तस्नीम यांनी पुढे स्वतः ही हकीकत सांगितली आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात हंगोर मुंबईच्या पाण्यात गस्तीला आली होती आणि २ व ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री आपला पश्चिमी ताफा मुंबईबाहेर पडला तो तिच्या टप्प्यात आला. परंतु युद्ध सुरू झालेले नव्हते आणि युद्ध सुरू होईपर्यंत हल्ला करण्याची तिला मुभा नव्हती. जहाजे निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी युद्ध सुरू झाले. आज्ञेतली एक तारीख, तीही कप्तानाच्या हाती नसलेली, एवढ्यावर त्या रात्री किती माणसांचे प्राण राहिले, हे आपण किनाऱ्यावरच्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढचा भाग आपल्या बाजूने दुःखाचा आहे. हंगोरने आपल्या मुख्यालयाला पाठवलेल्या संदेशांवरून दीवच्या बाजूला पाणबुडी असल्याचा माग भारतीय नौदलाला लागला आणि तिच्या शोधासाठी ‘खुकरी’ व ‘किरपाण’ ही जहाजे धाडण्यात आली. ९ डिसेंबरच्या रात्री हंगोरने पहिला पाणतीर किरपाणवर सोडला, तो वाया गेला. दुसरा खुकरीला लागला आणि ती काही मिनिटांतच बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. दीवला समुद्राकडे तोंड करून काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती ठेवली आहे. गुजरातेत जाणाऱ्या कोकणी माणसाने वाकडी वाट करून ती पाहावी.

कप्तानाच्या हातातली आज्ञा एका रात्रीत बदलते तेव्हा काय होते, याचे दुसरे उदाहरण १९८२ चे आहे. फॉकलंड बेटांच्या युद्धात ब्रिटनने बेटांभोवती, आत शिरणाऱ्या जहाजावर हल्ला होईल असे, २०० सागरी मैलांचे वर्तुळ जाहीर केले होते. ‘काँकरर’ ही अणुपाणबुडी अर्जेंटिनाच्या ‘जनरल बेलग्रानो’ या क्रूझरच्या मागावर होती, पण ते जहाज वर्तुळाबाहेर होते. ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल वुडवर्ड यांनी अधिकार नसताना हल्ल्याचा हुकूम थेट धाडला, तो इंग्लंडमधल्या मुख्यालयाने पाणबुडीच्या हाती पडण्याआधी मागे घेतला. मग मंत्रिमंडळाने नियम बदलला आणि तोच हुकूम योग्य वाटेने गेला. २ मे रोजी बेलग्रानो बुडाली आणि ३२३ माणसे गेली. वुडवर्ड यांचा उतावळेपणा हा लंडनला जागे करण्यासाठी होता, असे म्हणतात. तसे असले तरी पाणबुडीला एकाच वेळी दोन तोंडांनी हुकूम जाऊ लागले तर तिच्या कप्तानाने कोणाचे ऐकावे, हा प्रश्न उरतोच. मला इथे मुख्यालयाचे वागणे बरोबर वाटते.

हर्णैचे एक नाखवा लिहितात : आमच्या बोटी तीस-चाळीस वाव पाण्यात असल्या तरी वायरलेसवर बंदराशी बोलणे होते. पाण्याखाली असलेल्या पाणबुडीला हुकूम पोहोचतो कसा? आणि वरून आपलेच विमान किंवा आपलीच मनवार (युद्धनौका) तिला शत्रू समजून मारणार नाही, याची काय खात्री?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की नेहमीच्या बिनतारी लहरी खाऱ्या पाण्यात जवळजवळ शिरतच नाहीत. फार लांब लांबीच्या, म्हणजे अतिशय कमी कंपनांच्या लहरी काही मीटर खाली उतरतात आणि त्यासाठी किनाऱ्यावर प्रचंड मनोरे उभारावे लागतात. आपल्याकडे तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे असे केंद्र १९९० मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या काळात, दुसऱ्या महायुद्धात तर सर्रास, पाणबुडी ठरलेल्या वेळी वर येऊन आपली एरियलची तार वर काढी आणि नुसती ऐके. किनाऱ्यावरून सगळ्या पाणबुड्यांसाठी संदेश पुन्हा पुन्हा वाचले जात. प्रत्येक संदेशाला क्रमांक असे. सतरा नंतर एकोणीस आला तर अठरा हुकला हे कळे आणि तो पुढच्या वेळी मिळवायचा. पोच देण्याची पद्धत नव्हती, कारण पोच दिली की जागा कळली. हंगोरचे उदाहरण वर आलेच आहे.

आपला दुसरा प्रश्न मात्र आज्ञेच्या मुळाशी जातो आणि तो नाखव्यानेच विचारावा हे साहजिक आहे. जाळी एकमेकांत अडकू नयेत म्हणून कोणी कुठे डोल मारायची हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ठरवत आलात. पाणबुडीला गस्तीचा एक तुकडा आखून दिला जातो आणि त्या तुकड्यात वरच्या आपल्या जहाजांना व विमानांना पाणबुडीवर हल्ला करायला मनाई असते. ती जाता-येताना वापरील तो पट्टाही तसाच राखून ठेवतात. कुरसुरेला दिलेल्या आज्ञेत दोन क्षेत्रे होती आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची तारीख होती, ती याचसाठी. त्याच दिवसांत आपली क्षेपणास्त्रे वाहणारी जहाजे कराचीवर चालून जाणार होती. ४ डिसेंबरच्या रात्री ती गेलीही. आपल्या पाणबुड्या आणि आपली शिकारी जहाजे एकाच पाण्यात सोडणे म्हणजे अंधारात दोन भावांच्या हाती कोयते देण्यासारखे आहे.

हा तुकडा आणि ही तारीख चुकली तर काय होते, याची दोन उदाहरणे पुरेत. दुसरे महायुद्ध सुरू होऊन पहिलाच आठवडा संपत होता. १० सप्टेंबर १९३९ च्या रात्री नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘ऑक्सली’ ही ब्रिटिश पाणबुडी आपल्या जागेवरून सरकून शेजारच्या ‘ट्रायटन’ या ब्रिटिश पाणबुडीच्या पाण्यात गेली. ट्रायटनने दिव्याच्या खुणेने अनेकदा ओळख विचारली, उत्तर आले नाही, तेव्हा पाणतीर सोडले. ऑक्सलीवरचे दोघेच वाचले. त्या युद्धात ब्रिटनने गमावलेली ही पहिली पाणबुडी आणि ती आपल्याच हातून गेली. दुसरे उदाहरण अमेरिकेच्या ‘सीवुल्फ’चे. ३ ऑक्टोबर १९४४ रोजी ती राखीव पट्ट्यातून चालली होती, परंतु खवळलेल्या समुद्रामुळे वेळापत्रकाच्या एक दिवस मागे होती. त्याच सकाळी जवळ एका जपानी पाणबुडीने अमेरिकी जहाजाला पाणतीर मारला होता. शोधाला निघालेल्या ‘रिचर्ड रोवेल’ या जहाजाला पाण्याखाली कोणीतरी सापडले. खालून ओळखीच्या खुणांसारखे काही आवाज आले, ते फसवणुकीचे समजले गेले. सीवुल्फवरची जवळजवळ १०० माणसे गेली. उशीर झाल्याचे तिने वर कळवले होते; ज्याला कळायला हवे त्याच्यापर्यंत ते पोहोचले नाही. नाखवा, आपल्या बंदरात एखादी होडी ठरल्या भरतीला आली नाही तर किनाऱ्यावरची बायकामाणसेसुद्धा आधी विचारतात, की कोणाला सांगून गेली होती का.

देवगडचा एक विद्यार्थी : सिनेमात दाखवतात तसा लाखेने बंद केलेला लखोटा कप्तान समुद्रात गेल्यावर फोडतो, हे खरे का?

शिडाच्या जहाजांच्या काळात ही पद्धत रूढ होती. महायुद्धात मात्र कप्तानाला बहुधा निघण्याआधीच लेखी आज्ञा आणि तिच्यासोबतचे नकाशे दिले जात आणि तो अधिकाऱ्यांबरोबर त्यांचा अभ्यास करी. खलाशांना कुठे चाललो आहोत ते जमीन दिसेनाशी झाल्यावर सांगत. बंदरात गुपित किती वेळ राहते हे देवगडकराला मी सांगायला नको. गरम कपडे चढवले की उत्तरेकडे आणि हलके चढवले की दक्षिणेकडे, एवढा अंदाज मात्र खलाशी आधीच बांधत असणार.

मालवणहून कायद्याची एक विद्यार्थिनी विचारते : कुरसुरेला व्यापारी जहाजांवर हल्ल्यासाठी वेगळा हुकूम लागत होता. मग महायुद्धात पाणबुड्यांनी हजारो व्यापारी जहाजे कशी बुडवली? तेव्हा नियम नव्हते का? आणि ‘अमुक जहाजाला हात लावू नका’ अशी आज्ञा मोडली तर कप्तानाला शिक्षा होते का?

नियम होता आणि तो स्पष्ट होता. १९३० च्या लंडन करारात आणि १९३६ च्या त्याच्या पुरवणीत लिहिले होते, की पाणबुडीनेही व्यापारी जहाजातील माणसे व कागदपत्रे आधी सुरक्षित ठिकाणी पोहोचवल्याशिवाय ते बुडवू नये. इशारा देऊनही न थांबणारे किंवा झडतीस विरोध करणारे जहाज एवढाच त्याला अपवाद होता. पाण्याखाली लपून हल्ला करणे हेच जिचे बळ, तिने आधी वर येऊन माणसे उतरवावीत, हा नियम शांततेत लिहिणाऱ्यांना शोभणारा होता. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि काही तासांतच अमेरिकी नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल स्टार्क यांनी जपानविरुद्ध विमानांनी व पाणबुड्यांनी अनिर्बंध युद्ध सुरू करण्याचा हुकूम काढला. एका ओळीचा तो हुकूम; अकरा वर्षांचा करार त्याने बाजूला सारला. पुढे न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात जर्मन नौदलप्रमुख डनिट्झ यांच्यावर हाच आरोप आला, तेव्हा अमेरिकेचे अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी लेखी उत्तरात सांगितले, की पॅसिफिकमध्ये आम्हीही तसेच लढलो. पाणबुडी युद्धाच्या या नियमभंगावर डनिट्झ यांची शिक्षा आधारलेली नाही, असे न्यायालयाने नमूद केले. कायदा शिकणाऱ्याने हा निकाल मुळातून वाचावा.

आपल्या शेवटच्या प्रश्नाला ‘आवा मारू’ची हकीकत हेच उत्तर आहे. मराठी आरमाराच्या काळी ज्या व्यापाऱ्याच्या हाती कौल असे त्याच्या गलबताला हात लावायचा नसे. तसा कौल या जपानी जहाजाला अमेरिकेने दिला होता, कारण जपानच्या ताब्यातील युद्धकैद्यांसाठी मदतीचे सामान ते घेऊन गेले होते. त्याच्या अंगावर पांढरे क्रूस रंगवले होते, रात्री दिवे लावायचे होते, आणि परतीच्या वाटेवरही त्याला अभय होते. १ एप्रिल १९४५ रोजी तैवानच्या सामुद्रधुनीत दाट धुके होते. ‘क्वीनफिश’ या पाणबुडीचे कप्तान चार्ल्स लॉफलिन यांना रडारवर एक ठिपका दिसला. त्याचा आकार आणि वेग यांवरून ती विनाशिका असावी असे त्यांनी मानले आणि दिसत नसताना चार पाणतीर सोडले. चारही लागले. २००० हून अधिक माणसे बुडाली. एकजण हाती लागला आणि जहाजाचे नाव त्याच्याच तोंडून कळले.

आज्ञा गेली नव्हती असे नाही. जहाजाचा मार्ग आणि वेळा सांगणारे संदेश आधी उघड भाषेत गेले होते; ते पाणबुडीवर घेतलेही गेले, पण कप्तानासमोर ठेवले गेले नाहीत. नंतर आलेल्या संदेशात या जहाजाला सुखरूप जाऊ द्या असे होते. ते नेमके कोणत्या वाटेने जाईल याचा पत्ता नव्हता. कप्तानाने तो वाचला तेव्हा त्याला त्यातून काही हाती लागले नाही. सैनिकी न्यायालयाने लॉफलिन यांना आज्ञापालनातील हलगर्जीबद्दल दोषी ठरवले आणि समज देणारे पत्र दिले. निमिट्झ यांना ही शिक्षा फारच सौम्य वाटली. माझे मत विचाराल तर दोष तिघांत वाटावा लागेल : कप्तान, कागद दडपून ठेवणारा त्याचा अधिकारी, आणि मार्गाचा उल्लेख न करता ‘जाऊ द्या’ एवढेच लिहिणारा किनाऱ्यावरचा लेखणीबहाद्दर. खटला मात्र एकट्या कप्तानावर चालला.

अलिबागहून : आजोबा सांगत, की दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या आपल्या समोरच्या समुद्रात येऊन गेल्या. खांदेरीच्या दीपगृहावरच्या लोकांना ठाऊक होते म्हणे.

दीपगृहावरच्या लोकांचे मी सांगू शकत नाही, पण पाणबुड्या आल्या होत्या. १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनीने युरोपातून पाणबुड्यांचा एक गट हिंदी महासागराकडे धाडला आणि त्याचे नावच ‘मॉन्सून’ ठेवले. आज्ञा अशी, की पावसाळा सरता सरता अरबी समुद्रात पोहोचायचे आणि समुद्र निवळताच हल्ले सुरू करायचे. पावसाळ्यात उंच लाटांत पेरिस्कोपमधून काही दिसत नाही आणि पाणतीरही नीट चालत नाही. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या निघतात. या बोटींची पौर्णिमा सप्टेंबरअखेरीस ठरवली होती. निघालेल्यांपैकी निम्म्याही इथवर पोहोचल्या नाहीत, कारण अटलांटिकमध्येच विमानांनी त्यांना गाठले. पोहोचलेल्यांपैकी यू-१६८ ने २ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबईच्या नैर्ऋत्येला, म्हणजे ढोबळमानाने आपल्या अलिबागच्या समोरच्या खोल पाण्यात, ‘हाइचिंग’ हे मालवाहू जहाज बुडवले. आजोबांच्या गोष्टीचे मूळ बहुधा इथे असेल.

त्याच वर्षी एका जर्मन पाणबुडीला गस्तीची नव्हे तर भेटीची आज्ञा होती. फेब्रुवारीत कील बंदरातून निघालेली यू-१८० नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन यांना घेऊन आफ्रिकेला वळसा घालून आली आणि एप्रिलच्या अखेरीस मादागास्करच्या आग्नेयेला ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीला भेटली. रबरी होडीतून दोघांना पलीकडे नेले. दोन देशांच्या पाणबुड्या, दोन भाषा, आणि उघड्या महासागरातला एक ठरलेला बिंदू.

जाता जाता : आपल्या थळसमोरच्या खांदेरीचे नाव नौदलाने पाणबुडीला दोनदा दिले. पहिली ‘खांदेरी’ १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात होती, दुसरी माझगाव गोदीत बांधली जाऊन सप्टेंबर २०१९ मध्ये सेवेत आली.

दापोलीचे एक वाचक : गस्त संपली हे कोण ठरवतो? आणि परत आल्यावर कप्तानाला काय लिहून द्यावे लागते?

शेवट कधी करायचा हेही पुष्कळदा आज्ञेतच लिहिलेले असते; कुरसुरेची करंजशी ३० तारखेची भेट ही तशीच नेमलेली वेळ होती. त्याआधी पाणतीर, इंधन किंवा शिधा यांतले काही संपले तर परत यायचे. अमेरिकी पाणबुड्यांची पॅसिफिकमधली गस्त साधारण दोन महिन्यांची असे आणि परतल्यावर कप्तानाला ठरलेल्या मथळ्यांचा अहवाल द्यावा लागे : दिवसवार हकीकत, हवामान, भरती-ओहोटी, दिसलेली जहाजे, दिसलेली विमाने, प्रत्येक हल्ल्याचे आकडे, यंत्रांतले बिघाड, रेडिओ कसा ऐकू आला, जेवण व माणसांची प्रकृती, किती मैल चाललो आणि किती तेल जाळले. या अहवालावर वरचे अधिकारी आपला शेरा लिहीत. कोणी शाबासकी देई, कोणी ‘जवळ जाऊन मारायला हवे होते’ असे सुनावी. आज्ञा आणि परतीचा अहवाल हे दोन कागद शेजारी ठेवले, की समुद्रावर काय झाले ते कळते. एकटा कागद वाचून युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

या अहवालाच्या शेवटाकडे एक छोटा तक्ता असे, आणि मला सगळ्यांत आवडणारा भाग तोच. उरलेले पाणतीर किती, उरलेले तेल किती, शिधा किती दिवसांचा, आणि माणसे आणखी किती दिवस तग धरतील, असे चार रकाने. त्याखाली एक ओळ : ही गस्त कशामुळे संपली. आपल्या बाजूच्या ट्रॉलरच्या तांडेलाला हा तक्ता समजावून सांगावा लागणार नाही. त्याच्या मनात तो रोज भरलेला असतो : डिझेल, बर्फ, तांदूळ, खलाशी. बहुतेक फेऱ्यांत आधी बर्फ संपतो आणि बोट वळते. पाणबुडीच्या कप्तानाने त्या ओळीत कधी ‘पाणतीर’ लिहिले, कधी ‘तेल’. आणि काही अहवालांत, तेल शिल्लक, शिधा शिल्लक, पाणतीर शिल्लक असताना, त्या रकान्यात एकच शब्द आहे : ‘आज्ञा’.